फुलांचे घरगुती सरबत : कृती, उपयोग आणि काही पथ्ये



चैत्र शुद्ध तृतीयेला गौर झोपाळ्यात बसली की अक्षय तृतीयेपर्यंत इंदुरातील मराठी घरांतून हळदीकुंकवाची बोलावणी सुरू होतात. आंब्याची डाळ, कैरीचे पन्हे, भिजवलेले हरभरे आणि जाताना हाती पडणारे मोगऱ्याचे फूल हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. आपल्या मंदिरातही या महिन्यात एक दिवस सामुदायिक हळदीकुंकू होते. पन्ह्याच्या जोडीला गुलाबाचे सरबत देण्याची प्रथा मंदिरात पडली, त्यालाही आता बरीच वर्षे झाली.

हे सरबत पूर्वी बाजारातील बाटलीतून येत असे. काही भगिनींनी सूचनापेटीत चिठ्ठी टाकून विचारले की, देवापुढे रोज इतके गुलाब येतात आणि संध्याकाळी निर्माल्यात जातात, मग त्यांचेच सरबत का करू नये? सूचना सद्भावनेची होती. विश्वस्त मंडळाने तिला नकार दिला. तो नकार तोंडी आणि घाईत दिला गेल्यामुळे काहींची मने दुखावली, हे आम्हांस ठाऊक आहे. नकारामागची कारणे सविस्तर सांगावीत आणि केवळ नकार देऊन न थांबता फुलांचे सरबत घरी योग्य रीतीने कसे करावे हेही सांगावे, या दुहेरी हेतूने हा लेख लिहीत आहोत.

शब्द आणि परंपरा

‘गुलाब’ हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. ‘गुल’ म्हणजे फूल आणि ‘आब’ म्हणजे पाणी. मुळात हे नाव फुलाचे नव्हते, फुलाच्या सुगंधी पाण्याचे होते. पुढे ते फुलालाच चिकटले आणि पाण्यासाठी आपण ‘गुलाबपाणी’ असा शब्द केला. म्हणजे पाणी त्यात दोनदा आले! ‘सरबत’ हा शब्द अरबीतील ‘पिणे’ या अर्थाच्या धातूपासून निघाला आहे. शब्द परके असले तरी फुलापासून पेय करण्याची रीत आपल्याला परकी नाही.

आयुर्वेदाने औषधी द्रव्याचा गुण पाण्यात उतरविण्याचे मार्ग फार पूर्वी नेमून दिले आहेत. स्वरस, कल्क, क्वाथ, हिम आणि फांट या पाच कल्पना वैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असतात. द्रव्य पाण्यात उकळून आटविले तर तो क्वाथ, थंड पाण्यात रात्रभर भिजविले तर तो हिम, आणि गरम पाणी ओतून झाकून ठेवले तर तो फांट. शार्ङ्गधरसंहितेत हिमासाठी द्रव्याच्या सहापट आणि फांटासाठी चौपट पाणी सांगितले आहे. मुळे, साली यांसारख्या कठीण द्रव्यांना क्वाथ मानवतो. फूल कोमल आणि त्याचा गंध उडून जाणारा, म्हणून फुलाला फांट किंवा हिम हाच मार्ग योग्य. फुलांचे सरबत म्हणजे फुलाचा फांट साखरेच्या आधाराने टिकविणे, एवढे ध्यानात ठेवले तरी पुढील सर्व कृती सहज समजेल.

निर्माल्याचे सरबत का नको

पहिले कारण परंपरेचे. देवाला वाहिलेले फूल उतरले की ते निर्माल्य होते. ते मस्तकी लावावे, पायदळी येऊ देऊ नये आणि त्याचे विसर्जन करावे किंवा मातीत मिळवावे, ही आपली रीत आहे. प्रसाद म्हणून भक्षण करावयाचा तो नैवेद्य. निर्माल्य आणि नैवेद्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरे कारण अधिक व्यावहारिक आहे, आणि परंपरा न मानणाऱ्यालाही ते मानावे लागेल. बाजारातील गुलाब खाण्यासाठी पिकविलेला नसतो. कीड, मावा आणि बुरशी यांपासून तो वाचावा म्हणून त्यावर औषधे फवारली जातात. भाजीपाल्यावर फवारणी आणि तोडणी यांत काही दिवसांचे अंतर राखावे लागते. शोभेच्या आणि पूजेच्या फुलाच्या बाबतीत ते अंतर कोणी पाहत नाही, कारण ते कोणाच्या पोटात जाईल अशी कल्पनाच नसते. काही औषधे झाडाच्या आत भिनणारी असतात. ती पाकळीच्या पेशींत असतात, म्हणून फूल कितीही वेळा धुतले तरी जात नाहीत. अशी फुले गरम पाण्यात भिजविली तर त्यांतील औषध पाण्यात उतरण्याचा धोका राहतो.

तिसरे कारण आम्हांस सर्वांत महत्त्वाचे वाटते. देवापुढे येणाऱ्या परडीत एकच जातीचे फूल कधीच नसते. गुलाब, झेंडू, शेवंती, जास्वंद यांच्याबरोबर तीत कण्हेर असते, बिट्टी असते, महादेवासाठी धोतरा आणि रुईही असते. ही फुले देवाला चालतात, पण पोटात गेली तर विष आहेत. दिवसभर एकत्र राहिलेल्या, कुस्करलेल्या निर्माल्यातून पाकळ्या वेगळ्या करणे शक्य नाही आणि सुरक्षितही नाही.

याविषयी एक प्रसंग सांगतो. चिठ्ठ्यांना नकार दिल्यानंतर घरच्या फुलांचे सरबत करावे असे ठरले आणि काही घरांतून पाकळ्या मागविल्या. एका पिशवीतील पाकळ्या ताटात पसरल्यावर मंडळातील एका वयोवृद्ध भगिनीने त्यांतील काही उचलून उजेडात धरल्या. त्या गुलाबी होत्या, नाजूक होत्या, पण गुलाबाच्या नव्हत्या. दुहेरी पाकळीच्या गुलाबी कण्हेरीच्या होत्या. पाठविणाऱ्यांच्या अंगणात दोन्ही झाडे शेजारी होती आणि पाकळ्या मुलांनी वेचल्या होत्या. दोष कोणाचाच नव्हता. ती सर्व पिशवी आम्ही खड्ड्यात पुरली आणि त्या दिवसापासून एक नियम केला : सुट्या पाकळ्या स्वीकारावयाच्या नाहीत. फूल देठासह, अखंड आणि शक्यतो एखाद्या पानासह यावे. गुलाबाचे पान दातेरी असते व देठाला सहसा काटे असतात; कण्हेरीचे पान लांब आणि भाल्यासारखे. फूल अखंड असेल तर लहान मूलही फरक ओळखेल, सुटी पाकळी जाणत्यालाही फसविते.

ही भीती अनाठायी नाही. कण्हेरीच्या सर्व भागांत हृदयाच्या गतीवर परिणाम करणारी द्रव्ये असतात आणि उकळल्याने ती नष्ट होत नाहीत. २०२४ च्या एप्रिलमध्ये केरळात एका तरुणीचा मृत्यू झाला व तो कण्हेरीचा भाग चघळल्यामुळे झाला असावा असा संशय व्यक्त झाला. त्यानंतर त्याच वर्षी मे महिन्यात त्रावणकोर देवस्वम मंडळाने आपल्या मंदिरांतील नैवेद्य आणि प्रसाद यांत ‘अरळी’ म्हणजे कण्हेरीचे फूल वापरण्यास मनाई केली. एवढ्या मोठ्या मंडळाला जे पाऊल उचलावे लागले, त्यातून आपल्यासारख्या लहान देवस्थानानेही बोध घ्यावा.

कोणती फुले घ्यावीत, कोणती टाळावीत

सरबतासाठी घेण्याजोगी फुले :

१. गावठी गुलाब : फिका गुलाबी, सैल पाकळ्यांचा, तीव्र वासाचा. चैत्रात बहरणाऱ्या जातीला राजस्थानात ‘चैती गुलाब’ म्हणतात. पुष्कर आणि हळदीघाटीजवळचे खमनोर येथे गुलकंद व गुलाबजलासाठी त्याची लागवड होते. पुष्पगुच्छातील लांब देठाचा, घट्ट कळीचा गुलाब दिसावयास सुंदर, पण त्याला बहुधा वास नसतो. त्याचे सरबत करून उपयोग नाही.

२. लाल जास्वंद : पाच पाकळ्यांची, एकेरी.

३. गोकर्ण : निळी.

४. मोगरा : केवळ थंड पाण्यात वास उतरविण्यासाठी.

कदापि न घेण्याची फुले : सर्व रंगांची कण्हेर, बिट्टी म्हणजे पिवळी कण्हेर, धोतरा, रुई व मांदार, सदाफुली, कळलावी आणि घाणेरी. यांपैकी बरीच आपल्या परडीत नित्य असतात, म्हणूनच त्यांची नावे मुद्दाम दिली आहेत. यादीत नसलेले प्रत्येक फूल निर्धोक आहे असा मात्र अर्थ घेऊ नये. ज्या फुलाची पूर्ण खात्री नाही ते देवाला वाहावे, पेल्यात घालू नये.

गुलाबाचे सरबत

साहित्य : औषध न फवारलेल्या गावठी गुलाबाच्या पाकळ्या २०० ग्रॅम, पाणी ६०० मिलिलिटर, साखर अंदाजे १ किलो, आणि मध्यम आकाराची दोन लिंबे किंवा १ लहान चमचा लिंबूसत्त्व. लिंबूसत्त्व म्हणजे बाजारात सायट्रिक ॲसिड या नावाने मिळणारी पांढरी पूड. २०० ग्रॅम पाकळ्यांसाठी फुलाच्या आकारानुसार साधारण १०० फुले लागतात. एका दिवसात एवढी फुले मिळत नसतील तर रोजच्या पाकळ्या झाकणाच्या डब्यात घालून शीतकपाटात दोन-तीन दिवस साठविता येतात.

कृती : फुले सकाळी, दव ओसरल्याबरोबर आणि ऊन तापण्यापूर्वी तोडावीत. ऊन वाढते तसा गंध उडून जातो. पाकळ्या वेगळ्या करून तळाचा पांढरट कडवट भाग काढून टाकावा. किडे व धूळ जाण्यासाठी त्या दोनदा पाण्यातून हलक्या हाताने काढून चाळणीत निथळाव्यात.

स्टीलच्या पातेल्यात पाणी उकळून खाली उतरवावे आणि दोन-तीन मिनिटे थांबावे. मग पाकळ्या घालून पळीने दाबाव्यात व लगेच घट्ट झाकण ठेवावे. पाकळ्या पाण्याबरोबर उकळू नयेत. गुलाबाच्या वासातील एक प्रमुख द्रव्य पाण्यात चांगले विरघळते, त्यामुळे पाण्याला वास येण्यासाठी उकळण्याची गरजच नसते. उकळल्याने मात्र वास वाफेबरोबर निघून जातो आणि कडवटपणा उतरतो. हे पातेले चार तास तसेच राहू द्यावे. थंडीच्या दिवसांत रात्रभर ठेवले तरी चालते, पण वैशाखातील उन्हाळ्यात रात्रभर बाहेर ठेवल्यास पाणी आंबू लागते.

नंतर स्वच्छ पातळ कापडातून गाळून पाकळ्या हलक्या पिळाव्यात. मिळालेला अर्क मापाने मोजावा. जितका अर्क मिलिलिटरमध्ये भरेल, त्याच्या दुप्पट ग्रॅम साखर घ्यावी; म्हणजे अर्धा लिटर अर्काला १ किलो साखर. अर्क आणि साखर एकत्र करून मंद आचेवर ढवळत राहावे. साखर पूर्ण विरघळली आणि कडेला बारीक बुडबुडे दिसू लागले की तेवढीच आच पाच मिनिटे राखावी. वर आलेली मळी काढावी. पाकाला तार येऊ देऊ नये. तार आली म्हणजे पाणी आटून साखर अधिक झाली. असे सरबत थंड झाल्यावर तळाशी खडे धरते.

शेवटी आच बंद करून गाळलेला लिंबाचा रस किंवा लिंबूसत्त्व घालावे. या क्षणी घरातील मुलांना जवळ बोलवावे. मळकट जांभळट दिसणारा अर्क आंबटाच्या स्पर्शाने डोळ्यांदेखत गुलाबी होतो. फुलातील लाल-निळ्या रंगद्रव्याचा हा स्वभावच आहे : आंबटात ते तांबडे होते, आंबट नसेल तर निळसर राहते. अर्धा लिटर अर्काचे साधारण १,१०० मिलिलिटर सरबत होते आणि त्यातून सुमारे ३५ पेले भरतात.

घरच्या सरबताचा रंग बाजारच्या बाटलीइतका गडद येत नाही, हे आधीच सांगून ठेवणे बरे. पहिल्या वर्षी अनेकांनी ‘गुलाब कमी घातला का?’ असे विचारले. बाजारच्या बाटलीतील गडद लाल रंग बहुधा खाद्यरंगाचा असतो. फुलाचा स्वतःचा रंग फिकाच असतो. फारच हवा असेल तर फांटाच्या वेळी बीटाची एक पातळ चकती टाकावी.

साखर इतकी का?

साखरेचे प्रमाण ऐकून अनेकजण दचकतात. आम्हीही दचकलो होतो. म्हणूनच पहिल्या वर्षी मधुमेही भाविकांचा विचार करून साखर निम्मी केली. अर्क आणि साखर वजनाने समसमान. सरबत चवीला उत्तम झाले. बाटल्या मंदिराच्या कोठीत ठेवल्या. आठव्या दिवशी कोठीतून आवाज आला म्हणून पाहिले, तर दोन बाटल्यांची बुचे उडाली होती आणि उरलेल्यांत फेस धरला होता. सर्व सरबत ओतून द्यावे लागले. कित्येक घरांतून पहाटे तोडलेल्या शेकडो फुलांचे श्रम मोरीत गेले, याची खंत आजही आहे.

चूक कोठे झाली हे नंतर समजले. साखर केवळ गोडीसाठी नसते, तीच सरबताचे रक्षण करते. आंबविणाऱ्या सूक्ष्म जीवांना वाढण्यासाठी पाणी लागते. साखर पुरेशी दाट असेल तर ती पाण्याला धरून ठेवते आणि त्या जीवांना पाणी उरत नाही. यासाठी सरबतात वजनाने १०० भागांत सुमारे ६५ भाग साखर असावी लागते. आपल्या देशात १९५५ च्या फळ-उत्पादन आदेशातही सरबतांसाठी ६५ टक्क्यांचीच मर्यादा होती. अर्काच्या दुप्पट साखर घेतली आणि लिंबाचा रस मिळविला की आपण त्याच आकड्याजवळ पोहोचतो. समसमान घेतली तर आकडा ५० वर थांबतो, आणि माळव्याच्या उन्हाळ्यात ५० पुरत नाही. दुसऱ्या टोकाला, साधारण हवेच्या उष्णतेत पाण्यात सुमारे ६७ टक्क्यांच्या पलीकडे साखर विरघळून राहत नाही, तिचे खडे होतात. म्हणजे योग्य प्रमाणाची वाट अरुंद आहे. म्हणून येथे अंदाज न करता तराजू वापरावा. लिंबाच्या आंबटपणाने साखरेचा काही भाग फुटून खडे धरण्याची प्रवृत्ती कमी होते, हा लिंबाचा दुसरा उपकार.

कमी गोड हवे असल्यास साखर करताना कमी करू नये. पेल्यात सरबत कमी घालावे. ज्यांना मुळातच कमी साखरेचे करावयाचे आहे त्यांनी ते थोडे करून शीतकपाटात ठेवावे व तीन-चार दिवसांत संपवावे.

जास्वंद, गोकर्ण आणि मोगरा

जास्वंद गणरायाला प्रिय, आणि आपल्याकडे बहुतेक अंगणांत असते. २५ ते ३० फुलांचे हिरवे देठ व मधला परागाचा दांडा काढून टाकावा, पाकळ्या धुवाव्यात आणि वरीलप्रमाणेच ६०० मिलिलिटर गरम पाण्यात फांट करावा. येथे मात्र अर्धा तास पुरे. अधिक वेळ ठेवले वा उकळले तर पाकळ्यांतील बुळबुळीतपणा उतरून अर्क तारेसारखा ओढला जातो. अर्क जांभळा दिसतो व लिंबू पडताच किरमिजी होतो. जास्वंदीला वास नसल्याने आल्याचा रस किंवा वेलदोड्याची पूड घालावी. गरोदर स्त्रियांनी जास्वंदीचे सरबत वैद्यांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

गोकर्णाच्या फुलांना चव जवळजवळ नसते, पण निळा अर्क लिंबाने जांभळा होतो. मुलांच्या कौतुकासाठी तो चांगला आहे. मोगऱ्याचा वास मात्र उष्णता सहन करीत नाही, म्हणून त्याचा हिमच करावा. घरच्या झाडाची संध्याकाळी उमललेली दहा-बारा फुले धुऊन रात्री माठातील पाण्यात सोडावीत आणि सकाळी काढावीत. आपल्या आज्या वाळ्याची जुडी माठात सोडीत तीच ही रीत.

साठवण

बाटली काचेची असावी. ती व तिचे बूच पाण्यात दहा मिनिटे उकळून पूर्ण कोरडे करावे. सरबत गरम असतानाच गळ्यापर्यंत भरावे. बाटली अर्धी रिकामी राहिली तर आतील वाफेचे पाणी होऊन ते सरबताच्या पृष्ठावर पडते. वरचा थर पातळ झाला की बुरशीला तेथेच जागा मिळते. ओला चमचा बाटलीत घालू नये, त्यामागचे कारणही हेच. तांब्या-पितळेच्या बिनकल्हईच्या किंवा ॲल्युमिनियमच्या भांड्यात आंबट सरबत करू नये व ठेवूही नये.

बाटलीवर फुलाचे नाव आणि केल्याची तारीख लिहावी. शीतकपाटात हे सरबत दोन महिने राहते. बाहेर ठेवल्यास १५ दिवसांत संपवावे. फेस, आंबूस वास, बूच उघडताना होणारा फुसकारा किंवा वर आलेली बुरशी यांपैकी काहीही दिसल्यास सरबत टाकून द्यावे. पुन्हा उकळून वापरण्याचा मोह धरू नये.

उपयोग

एका पेल्यास २ मोठे चमचे, म्हणजे ३० मिलिलिटर सरबत आणि माठाचे थंड पाणी हे प्रमाण योग्य. १५-२० मिनिटे भिजविलेला सब्जा वर घातल्यास उन्हातून आलेल्या पाहुण्याला विशेष बरे वाटते. देवाला दाखवावयाचे असल्यास वर तुळशीचे पान ठेवावे. श्रीखंडात केशराऐवजी एखाद्या वेळी हे सरबत घालून पाहावे. दुधात घालावयाचे असल्यास लिंबाविना वेगळी लहान बाटली करावी व ती लवकर संपवावी, कारण आंबट सरबताने दूध फाटण्याचा संभव असतो. गाळून उरलेल्या पाकळ्यांत वास राहत नाही, त्यांचा गुलकंद करू नये. त्या झाडाच्या बुंध्याशी घालाव्यात.

मधुमेही मंडळींना एक स्पष्ट गोष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे. ३० मिलिलिटर सरबतात सुमारे २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे साधारण पाच लहान चमचे. फुलाचे आहे, घरचे आहे, देवाचे आहे म्हणून ती साखर कमी होत नाही. अशांनी प्रसाद म्हणून चमचाभर घ्यावे आणि आग्रह करणाऱ्यांनीही आग्रह आवरावा.

मंदिराची व्यवस्था आणि आमची विनंती

धार्मिक वा सामाजिक समारंभात अन्नवाटप करणाऱ्यांनाही अन्न सुरक्षा व मानके कायद्याखालील २०११ च्या नियमांनी नोंदणीच्या कक्षेत घेतले आहे. कायदा नसता तरी, शेकडो भाविकांच्या हाती दिलेल्या पेल्याची जबाबदारी विश्वस्त मंडळाचीच असती. म्हणून मंडळाने पुढील व्यवस्था ठरविली आहे.

१. हळदीकुंकवाचे सरबत मंदिराच्या स्वयंपाकघरातच, मंडळाने नेमलेल्या भगिनींच्या देखरेखीखाली होईल. घरून भरून आणलेल्या बाटल्या वाटपासाठी स्वीकारल्या जाणार नाहीत. कृपया गैरसमज नसावा.

२. सरबताच्या फुलांसाठी गाभाऱ्यापासून दूर, कार्यालयाच्या ओट्यावर वेगळी टोपली ठेवली जाईल. तीत केवळ घरच्या, औषध न फवारलेल्या गावठी गुलाबाची देठासह अखंड फुले द्यावीत. विकत घेतलेली फुले देवालाच वाहावीत.

३. मंदिराच्या मागील आवारात गावठी गुलाबाची झाडे लावली असून त्यांवर कोणतेही रासायनिक औषध फवारले जात नाही. त्यांना खत मात्र निर्माल्याचेच मिळते.

या शेवटच्या ओळीकडे चिठ्ठ्या लिहिणाऱ्या भगिनींनी अवश्य लक्ष द्यावे. देवाला वाहिलेले फूल वाया जाऊ नये, ही त्यांची तळमळ होती. ते फूल सरळ पेल्यात येऊ शकत नाही. निर्माल्य मातीत जाते, तिचे खत होते, त्या खतावर गुलाब वाढतो आणि चैत्रात त्याचे सरबत आपल्या हाती येते. वाट थोडी लांबची, पण निर्धोक आहे. त्यांना आम्ही दिलेला घाईचा नकार आता मागे घेत आहोत, असे समजण्यास आमची हरकत नाही.

मंदिरातील झाडांना सर्वांना पुरतील एवढी फुले येत नाहीत. ४०० पेल्यांसाठी हजारावर फुले लागतात. म्हणून ज्यांच्याकडे अंगण वा गच्ची आहे अशा प्रत्येक घराने गावठी गुलाबाचे एक तरी झाड लावावे, अशी आग्रहाची विनंती आहे. पावसाळ्यात छाटणीच्या फांद्या मंदिराच्या कार्यालयातून विनामूल्य मिळतील. झाड लावताना जवळपास कण्हेर नाही ना, एवढे पाहून घ्यावे.

आपल्या घरातील कृतीत काही वेगळेपण असल्यास ते आम्हांस लेखी कळवावे, ही विनंती.

आपले नम्र,
सचिव
विश्वस्त मंडळाच्या वतीने